‘ललिता पवार’ ही शिवी नव्हे!

दिवाळीत फराळाच्या ताटांभोवती ज्या गप्पा रंगतात, त्यांत सासू हा विषय निघाला नाही असे आमच्याकडे तरी कधी घडलेले नाही. चकलीला काटा आला नाही की सासू सुनेकडे पाहते, आणि भाजणी मुळात सासूनेच केलेली असली की सून भिंतीकडे पाहते. मग भाऊबिजेला आलेल्यांपैकी कोणीतरी स्वयंपाकघराच्या दाराआड हळूच विचारते, “काय गं, कशा आहेत तुझ्या सासूबाई?” आणि एक डोळा किंचित बारीक करून उत्तर येते, “अगं, अगदी ललिता पवार!” साऱ्याजणी तोंडावर हात ठेवून हसतात. पुढे काही विचारावे लागत नाही आणि सांगावेही लागत नाही. त्या दोन शब्दांत सासूचे सारे चरित्र येते.

मीही हसले आहे. एकदा नव्हे, पुष्कळदा. पण आता त्या हसण्याची मला लाज वाटते, आणि वाचकहो, ती तुम्हांलाही वाटावी अशी माझी इच्छा आहे. सणासुदीच्या अंकात असला कडू काढा कशाला, असे कोणी म्हणेल. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण कारीट पायाखाली चिरडतो आणि त्याचा कडू रस जिभेला लावतो, त्यानंतरच फराळाला बसतो. तसेच हे समजावे.

माझे म्हणणे सरळ आहे. एका थोर अभिनेत्रीचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो. तिच्या साठ वर्षांहून अधिक काळाच्या कर्तृत्वाची कथा एका थपडेत आटोपतो. आणि अपघाताने अधू झालेल्या तिच्या डोळ्याला दुष्टपणाची खूण मानतो. या तिन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत. आणि तिन्हींचे मूळ एकच आहे: चेहऱ्यावरून माणसाचे मन ठरवण्याची आपली जुनी खोड.

ही खोड दुसऱ्यांची म्हणून सांगत नाही. माझीच सांगते.

मी शाळेत शिकवते. करोनामुळे दोन वर्षे बंद पडलेले आमचे स्नेहसंमेलन २०२२ मध्ये पुन्हा भरायचे होते, आणि कैकेयीच्या दोन वरांचा प्रवेश बसवायचे काम माझ्याकडे आले. सातवीत एक मुलगी होती. पाठांतर उत्तम, आवाज खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द पोहोचेल असा. तिचा डावा डोळा जन्मापासून थोडा तिरळा. मी तिला मंथरा दिली.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटताना तिची आई आली. कामावरून तशीच आली होती. हातात भाजीची पिशवी. वर्गाच्या दाराशी चप्पल काढून उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, माझ्या पोरीला मंथरा का दिलीत?”

मी म्हटले, “अहो, तिचे पाठांतर फार चांगले आहे म्हणून.”

ती म्हणाली, “मग कौसल्या का न्हाई दिली? तिला बी पाठच करावं लागतंय की.”

मला उत्तर सुचले नाही. तिच्या डोळ्याचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, असे मी तिला सांगितले. ते खोटे होते, आणि ते खोटे आहे हे त्या बाईला कळले. ती भांडली नाही. “राहू द्या बाई,” एवढेच म्हणाली, आणि मुलीचे नाव काढून घेऊन गेली.

पुढची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. मंथरा दुसऱ्या मुलीला दिली. तिचे दोन्ही डोळे निकोप. पण पहिल्याच तालमीला तिने आपला एक डोळा आपणहून अर्धा मिटून घेतला. मी विचारले, “असा डोळा का गं करतेस?” ती सहज म्हणाली, “बाई, मंथरेचा तसाच असतो ना? टीव्हीवर बघितलंय मी.”

बरोबर होते तिचे. रामानंद सागरांचे ‘रामायण’ १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाले, तेव्हा ही मुलगी जन्मलेली नव्हती. पण २०२० च्या टाळेबंदीत ते पुन्हा दाखवले गेले, आणि घरात कोंडलेल्या साऱ्या मुलांनी ते पाहिले. त्यातली मंथरा ललिता पवारांची. १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’ या चित्रपटातली मंथराही त्यांचीच.

त्या रात्री मी रामायणातला तो भाग काढून पाहिला. वाल्मीकींची मंथरा कुबडी आहे. तिच्या डोळ्यांत काही व्यंग असल्याचे त्यांनी कोठेही सांगितलेले नाही. म्हणजे हा डोळा रामायणातला नव्हेच! हा डोळा ललिताबाईंचा. १९४२ साली चित्रीकरण चालू असताना एका कष्टाळू नटीला झालेली दुखापत, बरोबर ऐंशी वर्षांनी, माझ्या शाळेच्या व्हरांड्यात पुराणातली गोष्ट होऊन उभी होती. आणि तिरळ्या डोळ्याची एक हुशार मुलगी त्याच वेळी घरी बसली होती.

तेव्हा मी ललिताबाईंच्या आयुष्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले.

येवला म्हटले की आपल्याला पैठणी आठवते. त्याच येवल्याला १८ एप्रिल १९१६ रोजी त्यांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव अंबा. चित्रपट अजून मुके होते तेव्हा, १९२८ च्या सुमारास, ही पोर बालनटी म्हणून पडद्यावर आली. १९३२ च्या ‘कैलाश’ या मूकपटात त्यांनी काम केले, आणि त्याच्या निर्मितीतही वाटा उचलला. तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा! आज सोळा वर्षांच्या मुलीला आपण एकटीला बाजारात पाठवायला कचरतो. पुढे चित्रपट बोलू लागले. पुष्कळ मूकपटनट्या त्या बदलात मागे पडल्या, ललिताबाई टिकल्या. १९३५ च्या ‘हिंमत-ए-मर्दा’ची नायिका त्या होत्या. मर्दानी, साहसी चित्रपटांच्या त्या नायिकेचा दरारा होता, रूपाचा बोलबाला होता.

आणि याच दशकात त्यांनी ‘दुनिया क्या है’ हा बोलपट काढला. टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. ज्यांनी ती कादंबरी वाचली आहे त्यांना आठवेल: एका मोलकरणीला नादी लावून सोडून गेलेला सरदारपुत्र पुढे न्यायालयात पंच म्हणून बसतो, आणि समोर आरोपीच्या पिंजऱ्यात तीच स्त्री उभी असते. अपराध त्याचा, पिंजऱ्यात ती. ऐन तारुण्यात, नायिका म्हणून मागणी असताना, एका मराठी नटीला हीच गोष्ट पडद्यावर आणावीशी वाटली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ते पुढे सांगते.

१९४१ मध्ये मास्टर विनायकांनी वि. स. खांडेकरांच्या कथेवर ‘अमृत’ काढला, त्यातही त्या होत्या. थोडक्यात, थप्पड बसली तेव्हा ललिताबाई कोणी नवशिकी पोर नव्हत्या. मूकपट आणि बोलपट दोन्ही पचवलेल्या, निर्मितीचा अनुभव घेतलेल्या त्या जाणत्या अभिनेत्री होत्या.

आता त्या थपडेची गोष्ट. ती आपणां सर्वांना पाठ आहे. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. ती फार जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. तीन वर्षे औषधपाणी चालले. ही घटना खरी आहे, आणि ती थोडी नव्हे. तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. रूपावर पोट असणाऱ्या धंद्यात सव्वीसाव्या वर्षी चेहरा गमावणे म्हणजे काय, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. नायिकेच्या भूमिका संपल्या त्या कायमच्या.

माझी तक्रार घटनेविषयी नाही. तिच्याभोवती जी कथा रचली गेली आणि दर पुण्यतिथीला जी उगाळली जाते, तिच्याविषयी आहे. ती अशी: कोणी एक नवखा नट होता, त्याचा हात चुकला, सुंदर नायिका एका क्षणात संपली आणि तिथे दुष्ट सासू जन्माला आली! किती सुटसुटीत! दैवाचा फेरा, करुणा, सारे दोन ओळींत.

या कथेतला पहिला शब्दच चुकीचा आहे. भगवानदादा १९४२ मध्ये नवखे मुळीच नव्हते. तेही मूकपटांपासून पडद्यावर होते, आणि १९३८ मध्ये ‘बहादुर किसान’च्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. अपघात अनुभवी माणसाकडूनही होतो. पण नवखेपणा घातला की गोष्ट खुलते, म्हणून तो घातला गेला. दुसरे, ललिताबाई संपल्या हेही खोटे. औषधपाण्याची ती तीन वर्षे म्हणतात, त्यांच्याच हिशेबात १९४४ साल येते. आणि १९४४ मध्ये प्रभातचा ‘रामशास्त्री’ पडद्यावर आला. गजानन जागीरदारांचे रामशास्त्री, आणि ललिता पवारांची आनंदीबाई! ज्या बाईला आपली कथा अंथरुणावर निजवून ठेवते, ती प्रभातच्या दिव्यांखाली पेशवाईतली आनंदीबाई उभी करीत होती.

आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे. थप्पड अभिनय करीत नाही. अधू डोळ्याने भूमिका वठत असत्या तर प्रत्येक डोळ्याच्या दवाखान्याबाहेर नटनट्यांची रांग लागली असती. डोळा अधू झाल्यावर घरी बसणे सोपे होते. लोकांनी हळहळून निरोपही दिला असता. ललिताबाई बसल्या नाहीत. मिळालेल्या चेहऱ्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा, नायिकेची आई, आत्या, सासू, घरमालकीण व्हायचे, आणि त्या दुय्यम भूमिकेत असे उभे राहायचे की प्रेक्षकाने नायिकेला विसरावे, हे त्यांनी ठरवले आणि केले. याचे श्रेय आपण त्यांना न देता त्या थपडेला देतो. नटीचे कष्ट दैवाच्या खाती जमा करण्याचा हा कोणता हिशेब?

त्यांनी नुसत्या दुष्ट सासवा केल्या, हा तर धडधडीत गैरसमज आहे. राज कपूरच्या १९५५ च्या ‘श्री ४२०’ मध्ये मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई आठवा. परगावाहून आलेल्या भणंग पोराला ती दटावते आणि माया लावते. त्याच वर्षीच्या गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ मध्ये पुरुषजातीवर दात धरून असलेली श्रीमंत आत्याबाई त्याच. पाटीवाली बाई आणि बंगल्यातली बाई, एका वर्षात, एकाच चेहऱ्याने! बिमल रॉयच्या १९५९ च्या ‘सुजाता’ मध्ये शिवाशीव पाळणारी म्हातारी त्यांनी अशी केली की ती राक्षसीण वाटत नाही. आपल्याच घरातली, देवघरात बसलेली आजी वाटते, आणि म्हणून अंगावर काटा येतो.

आणि ‘अनाडी’! १९५९ मधला हृषीकेश मुखर्जींचा तो चित्रपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी या सुट्टीत अवश्य पाहावा. त्यातली मिसेस डिसा ही घरमालकीण तोंडाने सतत करवादते. भाडे थकले म्हणून ओरडते, भोळेपणाबद्दल ओरडते; आणि त्याच तोंडाने त्या अनाडी भाडेकरूला आईची माया देते. पुढे फ्लूच्या साथीत औषध म्हणून घेतलेल्या विषारी औषधाने ती मरते, आणि ते औषध विकणारा धनवंत मात्र समाजात ताठ मानेने वावरत असतो. या भूमिकेबद्दल त्यांना उत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. डोळा तोच होता. आवाजाची धारही तीच होती. ‘दहेज’ पाहताना ज्या डोळ्याची भीती वाटते, त्याच डोळ्याकडे ‘अनाडी’त पाहताना आपले डोळे भरून येतात. मग दुष्टपणा डोळ्यात होता, की कुठे होता?

याच मुखर्जींनी १९६१ मध्ये ‘मेम दीदी’ काढला तेव्हा नावाची भूमिकाच ललिताबाईंना दिली. त्याच १९६१ साली अभिनयासाठी त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. त्याच वर्षीच्या ‘जंगली’त घरात कोणी हसता कामा नये असा दंडक घालणारी आई, आणि पुढच्याच वर्षीच्या ‘प्रोफेसर’ मधली ती करारी, अविवाहित पालक बाई! शम्मी कपूर म्हाताऱ्या प्रोफेसरचे सोंग घेऊन घरात येतो, आणि आयुष्यभर कोणी प्रेमाने न पाहिलेली ही कडक बाई त्या खोट्या म्हाताऱ्यावर जीव टाकते. थिएटर हसते. पण तिच्या चेहऱ्यावर जी लाजरी आशा उमटते, ती पाहताना हसणाऱ्यालाही आपण कोणाला हसतो आहोत असा प्रश्न पडावा. १९७१ च्या ‘आनंद’ मधली कडक पण कनवाळू मेट्रनही त्याच, आणि तिचे आडनाव पुन्हा डिसा!

आता कोणी म्हणेल, “बाई, तुम्ही उगाच रागावता. लोकांनी त्यांचा द्वेष केला हीच त्यांच्या अभिनयाची पावती. खलनायकाला शिव्या मिळाल्या म्हणजे त्याची भूमिका वठली!” हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे, आणि त्यात अर्धे सत्य आहे. पण मी उलट विचारते: ही पावती आपण सर्वांना सारखीच देतो काय? निळू फुल्यांनी पडद्यावर बायकांचा कमी का छळ केला? पण पडद्याबाहेरचे निळूभाऊ, सेवादलात घडलेले, साधे, सालस, हे आपण एकमेकांना आवर्जून सांगतो, आणि सांगताना आपला ऊर भरून येतो. भूमिका वेगळी, माणूस वेगळा, हा विवेक तिथे आपल्याला बरोबर सुचतो. ललिताबाईंच्या बाबतीत मात्र ती तसदी आपण घेतली नाही. पुरुष दुष्टाचे काम करतो तेव्हा ती त्याची कला. बाई करते तेव्हा तो तिचा स्वभाव!

असे का? कारण त्यात आपली सोय आहे. इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते.

शांतारामबापूंचा ‘दहेज’ १९५० मधला. हुंड्यासाठी सुनेचा जीव घेणाऱ्या घराची ती कथा. त्यातली ललिताबाईंची सासू पाहून प्रेक्षक चळचळा कापले. चित्रपट हुंड्यावर बोट ठेवत होता. पण प्रेक्षक थिएटरबाहेर आला तो हुंड्याला शिव्या देत नव्हे, सासूला देत! हुंडाबंदीचा कायदा १९६१ मध्ये झाला, आणि हुंडा अजून गेलेला नाही. सासूची शिवी मात्र पक्की झाली.

जरा घराकडे पाहा. सुनेच्या बापाने दिलेली मोटारसायकल कोण उडवतो? सासू? तिच्या पगाराची तारीख कोणाला पाठ असते? तिने माहेरी जायचे की नाही हा वाद चाललेला असताना दिवाणखान्यात वर्तमानपत्राआड तोंड लपवून कोण बसते? “आईला दुखवू नकोस, एवढे कर माझ्यासाठी” असे रात्री सांगून सकाळी डबा घेऊन कोण निघून जातो? छळाची कडची सासूच्या हातात दिसते, हे खरे. पण ते घर कोणाचे, पैसा कोणाचा, शब्द कोणाचा चालतो? सासूने छळ केला तर तो छळच. तिला मी माफी देत नाही. पण “अगदी ललिता पवार” म्हटले की खटला तिथेच निकालात निघतो. सासरा सुटला, नवरा सुटला, सोयरिकीत देण्याघेण्याची बोलणी करणारे मामा-काका सुटले. पिंजऱ्यात उभी एक म्हातारी, आणि पंचाच्या खुर्चीवर बाकीचे सारे. टॉलस्टॉयची गोष्ट ललिताबाईंना का घ्यावीशी वाटली असेल, हे मला इथे कळल्यासारखे वाटते.

आणि ही काही चित्रपटाने लावलेली सवय नव्हे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायासनावरून रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते राघोबादादांना. पण आपल्या भाषेत म्हण होऊन राहिली ती आनंदीबाईंची, ‘ध’चा ‘मा’ केल्याची! न्यायाधीशाने ज्याला दोषी धरले तो इतिहासाच्या पुस्तकात गेला, आणि त्याची बायको घराघरांतल्या बोलण्यात अडकली. वर देऊन बसले ते दशरथ, मागून घेतले ते कैकेयीने, आणि बोल लागला तो दासीला, तीही कुबडी. आनंदीबाई, मंथरा आणि ‘दहेज’ची सासू, या तिन्ही भूमिका एकाच नटीच्या वाट्याला याव्यात हा काय नुसता योगायोग? घरातल्या पुरुषांचे पाप जिच्या पदरात टाकायचे, अशी एक बाई समाजाला लागत होती. तिचा चेहरा आपल्याला ललिताबाईंकडे सापडला.

मी कादंबऱ्या लिहिते, तेव्हा याही पापातून सुटत नाही. माझ्या पहिल्या कादंबरीत एक कजाग आत्याबाई आहे. मी तिच्या गालावर भाजल्याचा व्रण दिला. तो कशासाठी दिला, तो तिला कोठे लागला, याची कादंबरीत एक ओळ नाही. तो केवळ वाचकाला खूण म्हणून होता: हिच्यापासून सावध! तिच्या भावाने, म्हणजे कादंबरीतल्या सज्जन सासऱ्याने, तीनशे पानांत एकदाही तिला थांबवले नाही. त्याला मी रुबाबदार मिशा दिल्या. आज ते पुस्तक पुन्हा छापायचे झाले तर तो व्रण मी काढून टाकीन. मिशांचेही पाहावे लागेल.

कोणी म्हणेल, एवढ्याशा थट्टेने काय होते? शिक्षिका आहे म्हणून सांगते, काय होते ते. मुले व्याख्यानाने शिकत नाहीत, थट्टेने शिकतात. एक डोळा मिटून आत्याने केलेली नक्कल तीन वर्षांचे पोर बघते, हसते आणि मनात धरते. मग ते शाळेत येते. वर्गात कोणाचा डोळा तिरळा असतो, कोणाच्या चेहऱ्यावर भाजल्याचा डाग असतो, कोणाचा ओठ फाटलेला असतो. त्या पोराला कोणी सांगावे लागत नाही. नाटकात राक्षस कोण आणि राजकुमारी कोण, हे मुले माझ्याआधी ठरवून मोकळी होतात. आणि मीही, इतकी वर्षे फळ्यापुढे उभी राहून, तेच ठरवले.

ललिताबाई २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्याला औंध येथे वारल्या. मूकपटापासून दूरदर्शनपर्यंतचा सारा पल्ला चालून आलेली माणसे आपल्याकडे किती? बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत या येवल्याच्या अंबेचे नाव पहिल्या ओळीत घ्यायला हवे. तिच्या नावाचा उच्चार आदराने व्हायला हवा होता. तो आपण दाराआडच्या कुजबुजीत घालवला.

म्हणून माझे मागणे आहे, आणि ते मोठे नाही. या भाऊबिजेला कोणी बहीण आपल्या सासूविषयी बोलू लागली, तर तिला “ललिता पवार” म्हणून थांबू देऊ नका. काय झाले ते सांगायला लावा. माहेरी पाठवत नाहीत? पगार काढून घेतात? जेवताना टोचून बोलतात? आणि मग पुढचा प्रश्न विचारा: तेव्हा तुझा नवरा कुठे होता? सासरे काय म्हणाले? त्या दोन प्रश्नांनी कदाचित हशा थांबेल. पण त्या बहिणीला थोडा आधार मिळेल. आणि घरात कोणी डोळा बारीक करून नक्कल करू लागले, तर मुलांदेखत त्याला सांगा की तो डोळा एका बाईने काम करताना गमावला होता, आणि त्यानंतरही ती चाळीस वर्षांहून अधिक काळ काम करीत राहिली.

राहता राहिली माझी मंथरा. ती मुलगी आता आमच्या शाळेत नाही. तिच्या आईला मी जे खोटे बोलले, ते अजून तसेच आहे. त्यांचे घर मला ठाऊक आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर मी फराळाचा डबा घेऊन तिकडे जाऊन आलेली असेन. काय बोलायचे ते पाठ केलेले नाही. एवढेच सांगायचे आहे, की कौसल्या तिलाच द्यायला हवी होती.